माने सरांचा सांगावा

माने सरांच्या वर्गात भांडायची पूर्ण मुभा होती. अट एकच. समोरचा जे बोलला ते आधी त्याच्या तोंडावर म्हणून दाखवायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच आपलं घोडं पुढं दामटायचं. ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा म्हणायचं. यात निम्मा तास गेला तरी सरांना घाई नसे. हनुवटी छातीला टेकवून, डोळे मिटून, काळ्या टोपीखाली ते असे काही ऐकत बसत की नव्या मुलांना वाटावं, सरांचा डोळा लागला.

मी साताऱ्याची. साताऱ्यात तेव्हा कॉलेज नव्हतं म्हणून सांगलीला मावशीकडे राहून विश्रामबागेतल्या कॉलेजात जात होते. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. वडील म्हणायचे, हिला सासर मिळालंच तर बहिऱ्यांचं मिळो. पहिल्याच शनिवारी वर्गात इस्लामपूरकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मुलींनी वक्तृत्वाच्या भानगडीत पडू नये. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.’ मी ताडकन उभी. सर डोळे न उघडताच म्हणाले, ‘थांबा. ते काय म्हणाले?’

‘ते म्हणाले, मुलींना अक्कल नसते.’

‘मी असं कुठं म्हणालो?’ मुलगा म्हणाला.

‘ते म्हणाले, मुलींनी तोंड शिवून घरी बसावं.’

‘हेही म्हणालो नाही.’

वर्ग हसायला लागला. माझे कान तापले. शेवटी दात-ओठ खात मी म्हटलं, ‘ते म्हणाले, मुलींचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.’ मुलगा म्हणाला, ‘बरोबर.’ आणि काय सांगू, ते वाक्य माझ्याच तोंडून गेल्यावर मला ते काही अगदीच खोटं वाटेना! सरांनी डोळे उघडले. ‘आता तुमचं बोला,’ ते म्हणाले. ‘मागच्या बाकापर्यंत बोला.’ त्या दिवशी मी जे बोलले ते बाहेर बाभळीखाली उभ्या टांगेवाल्यांनीसुद्धा ऐकलं असणार.

कागदोपत्री माने सर मराठीचे प्रोफेसर. व्याकरण आणि जुनी कविता शिकवायचे, आणि चांगली शिकवायचे. पण त्यांचा जीव अडकला होता तो या शनिवारच्या वर्गात. त्याला त्यांनी नाव दिलं होतं संभाषणशास्त्र. आज त्याला लोक संज्ञापन म्हणतात, त्याच्या पदव्या मिळतात, तेव्हा त्याला हसत असत. बाकीचे प्रोफेसर ‘गप्पांचा क्लास’ म्हणायचे. माझ्या वडिलांना सुट्टीत सांगितलं तर ते म्हणाले, ‘बोलायला शिकवतात? मग आम्ही आईबापांनी इतकी वर्षं काय केलं?’ मी परत आल्यावर हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर खूश झाले. ‘बोलायला आईबाप शिकवतात, अगदी खरं,’ ते म्हणाले. ‘ऐकायला कोण शिकवतं ते विचारा वडिलांना. जीभ एक आणि कान दोन, तरी टंचाई कानांचीच.’

ही पद्धत त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचलली नव्हती. ती त्यांच्या आईची होती. सर कवठे महांकाळकडच्या एका कोरड्या गावचे. ज्वारी, मेंढरं, आणि पाऊस येईल तेव्हा पाऊस. वडील लहानपणीच गेले, आईनं एकटीनं शेत केलं आणि या एकुलत्या एका मुलाला शिकवलं. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं तिचा सगळा कारभार निरोपांवर. सोयऱ्याला काही कळवायचं तर जाणाऱ्याला अंगणात उभं करायची आणि निरोप त्याच्याकडून वदवून घ्यायची. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर पुन्हा. नीट जमलं की म्हणायची ‘व्हय’, आणि मग हातानंच ‘जा’ म्हणून खूण करायची. सर हे रंगवून सांगत. ‘तिच्या ‘व्हय’शिवाय निरोप गावाची वेस ओलांडत नसे,’ म्हणत. पण तो ‘व्हय’ ते नेहमी तिच्या आवाजात, जरासं हसून, नक्कल केल्यासारखा म्हणत. स्वतःसाठी त्यांचा शब्द ‘बरोबर’.

त्याचंही कारण होतं. कॉलेजात येण्याआधी सर साताऱ्याला हायस्कुलात मास्तर होते. माझे वडील त्यांना तेव्हापासून ओळखत. पहिल्याच दिवशी वर्गात त्यांच्या तोंडून ‘हाय’ आणि ‘न्हाई’ गेलं आणि पोरं खिदळली. हेडमास्तरांनी खोलीत बोलावून सांगितलं, ‘माने, एक तर ही भाषा सोडा, नाहीतर शाळा सोडा.’ सरांनी भाषा सोडली. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जाऊन एकटे मोठमोठ्यानं ‘आहे, नाही, केव्हा, तेव्हा’ म्हणत. गवत कापणाऱ्या बायका त्यांना वेडा मास्तर म्हणायच्या, असं वडील सांगत. सांगलीला आले तोवर त्यांचं मराठी इतकं चोख झालं होतं, की पेठेतल्या शास्त्रीबुवांनीही जपून बोलावं. पण ‘ह’ उच्चारताना सर क्षणभर थांबत, पायरी चढताना धोतर सावरावं तसे. ते फक्त कान देऊन ऐकणाऱ्याला कळे, आणि कान द्यायला तर त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांची युक्ती घरोघर पोचली होती. आमच्या मावशीनं ती गवळ्यावर चालवून पाहिली. ‘मी काय म्हणाले ते म्हण बघू,’ तिनं फर्मावलं. गवळी बिचारा म्हणाला, ‘तुमी म्हणताय, मी दुधात पाणी घालतो.’ मावशी म्हणाली, ‘बरोबर.’ गवळी म्हणाला, ‘मग आता माझं म्हणा. भाव वाढवून द्याल तर न्हाई घालणार.’ मावशी त्या दिवसापासून सरांवर रागावली ती कायमची.

बेचाळीस साली मुलं वर्ग सोडून बाहेर पडली तेव्हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. प्रिन्सिपॉल मुलांची नावं काढून टाकायच्या बेतात होते. सरांनी दोन मुलांना त्यांच्या खोलीत नेलं आणि प्रिन्सिपॉलांना हात जोडून म्हणाले, ‘साहेब, शिक्षा आपण द्यालच. त्याआधी ते काय म्हणतात तेवढं एकदा आपल्या तोंडून म्हणावं.’ प्रिन्सिपॉल भला माणूस. त्यांनी म्हटलं, ‘तुम्ही म्हणता, देशातली माणसं तुरुंगात असताना आम्हाला इथं बसून कविता वाचायची लाज वाटते.’ मुलं म्हणाली, ‘बरोबर.’ ते वाक्य स्वतःच्या तोंडून गेल्यावर प्रिन्सिपॉलांनी पुढ्यातली नावांची यादी उलटी करून ठेवली. कुणाचंही नाव कमी झालं नाही.

या प्रकारानंतर प्रिन्सिपॉलांनीच मनावर घेतलं आणि सरांचा वर्ग विद्यापीठानं रीतसर विषय म्हणून मान्य करावा असं लिहून पाठवलं. सर त्या उत्तराची वाट चातकासारखी बघत होते. मान्यता मिळाली तर परीक्षा, पुस्तकं, वेगळा प्रोफेसर. नाही मिळाली तर आहे तो शनिवारही जाणार, कारण तो तास इंग्रजीला हवा होता. सरांची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. आई गाव सोडून यायला तयार नव्हती. म्हणजे इथं सांगलीत त्यांचं म्हणावं असं हेच. शेवटी कळलं, विद्यापीठाची कमिटी येतेय, वर्ग डोळ्यांनी बघणार आणि जागच्या जागी काय ते ठरवणार.

त्या दिवशी सकाळी कमिटीचे तिघेजण सरांच्या घरी चहाला आले. कॉलेजच्या आवारातच त्यांना दोन खोल्या होत्या, पुढं ओसरी. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. सरांनी कितीतरी दिवस स्वतः गुळाचा चहा पिऊन साखर साठवली होती. दुपारी वर्गात जे करून दाखवायचं होतं त्यासाठी मी आणि तो इस्लामपूरचा मुलगा निवडले गेलो होतो, म्हणून चहाच्या मदतीलाही मीच. सर स्वतः कपात चहा ओतत होते.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. पटका, खांद्यावर घोंगडं, गुडघ्यापर्यंत धूळ. ओसरीच्या पायरीखालीच थांबला. हा सरांचा चुलतभाऊ सिदा, हे मला पुष्कळ पुढं कळलं. त्या वेळी तो मला कुणी गडीमाणूस वाटला.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘म्हातारीला बरं न्हाई. सवडीनं या म्हणून सांगितलंय.’

‘काय होतंय?’ सरांनी विचारलं.

‘बरं न्हाई,’ तो पुन्हा म्हणाला आणि खाली बघायला लागला.

पहाटे निघून छोट्या रेल्वेनं मिरजेपर्यंत आणि तिथून पायी, असा तो आला होता. ओठ सुकले होते. मी आतून तांब्या-भांडं आणलं आणि पुढं केलं. ‘नगं, ताई,’ तो म्हणाला. ‘अहो, इतक्या उन्हातून आलात,’ मी म्हटलं. ‘नगं.’ मी साताऱ्याच्या पेठेतली मुलगी, मला काय कळतंय! मला वाटलं, संकोचतोय. सरांनी त्या तांब्याकडं एकदा पाहिलं. मग चहाची किटली खाली ठेवून ते त्यांच्या त्या चोख मराठीत म्हणाले, ‘ठीक आहे. येथील काम आटोपून उद्या सकाळी निघतो, असे सांगा.’

सिदा तरीही उभाच. कसली वाट बघत होता कोण जाणे. कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘कोण हो हे?’

‘गावाकडचे आहेत,’ सर म्हणाले.

सिदानं हे ऐकलं. घोंगडं सावरलं आणि आल्या वाटेनं निघून गेला. सरांनी त्याच्याकडून निरोप वदवून घेतला नाही. इतक्या महिन्यांत मी असं पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारचा वर्ग असा रंगला की विचारू नका. मी आणि तो मुलगा कडाडून भांडलो, एकमेकांचं म्हणणं एकमेकांच्या तोंडावर म्हणून दाखवलं, आणि शेवटी कमिटीतले दोघेजण आपापसात वाद घालताना ‘थांबा, आधी माझं म्हणून दाखवा’ म्हणायला लागले! विषय मंजूर झाला. आम्ही पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले, आणि परत आले ते मुंडण करून. आई सिदा यायच्या आदल्या रात्रीच गेली होती. गाव दिवस बुडेपर्यंत एकुलत्या मुलासाठी खोळंबलं. ‘उद्या येतो’ असा निरोप घेऊन सिदा पोचला, तेव्हा त्यानंच अग्नी दिला.

सर वर्गात आले, टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभ्यानं सांगितलं. आमच्याकडं मरणाचा सांगावा आणणारा माणूस मेलं असं तोंडानं म्हणत नाही. बरं नाही म्हणतो, सवडीनं या म्हणतो. पण तो घराची पायरी चढत नाही आणि पाणी घेत नाही. ज्याला कळायचं त्याला त्यावरून कळतं. ‘मी शब्द ऐकला,’ सर म्हणाले, ‘तांब्या ऐकला नाही. शुद्ध बोलायच्या नादात मी माझ्या माणसांची बोली विसरलो. ज्याला संभाषणशास्त्राचा प्रोफेसर म्हणतात त्याला आईच्या मरणाचा निरोप कळला नाही. माझी मला लाज वाटते.’ मुली रडल्या. मुलांनीही डोळे पुसले. मला तर टेबलावरच्या तांब्याकडं बघवेना, कारण त्या दिवशी तांब्या मीच नेला होता.

त्यानंतर दर वर्षी पहिल्या तासाला सर तांब्या ठेवून हीच हकीकत सांगत. ती हळूहळू गाजली. पुण्याहून लोक ती ऐकायला येत. शिकलेला माणूस आपल्याच माणसांना कसा परका होतो, यावर त्या हकीकतीचा दाखला देऊन व्याख्यानं होऊ लागली. ‘एवढा मोठा माणूस, पण आपली चूक चारचौघांत सांगतो,’ असं जो तो म्हणे. कुणी तोंडावर कौतुक केलं की सर लालबुंद होत. ‘नको हो, नको,’ म्हणत चालते होत. आम्ही म्हणायचो, काय हा विनय! मी पुढं सांगलीतच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. मीही पहिल्या तासाला टेबलावर तांब्या ठेवायची आणि सरांची गोष्ट सांगायची. माझी जरा जास्तच रंगायची, कारण मी प्रत्यक्ष साक्षीदार!

मग एकाएकी सरांनी राजीनामा दिला. विषयाचं स्वतंत्र खातं निघणार, सर त्याचे प्रमुख होणार, सत्काराचा मंडप ठरला, आणि सर सत्काराच्या आधीच गाव गाठून बसले. कारण कुणालाच कळेना. लोक म्हणाले, लहरी माणूस. मी भेटायला जाईन म्हणत होते. म्हणत राहिले. शाळा, संसार, आणि कवठ्याकडची ती धुळीची वाट. पुढं स्वातंत्र्य आलं, सांगलीचं संस्थान गेलं, आणि एक दिवस माझ्या दारात सिदा उभा.

पायरीखालीच उभा होता. पटक्याखालचे केस पांढरे झाले होते, घोंगडं तेच असावं.

‘बाई, सरांस्नी बरं न्हाई,’ तो म्हणाला. ‘तुमाला बलावलंय.’

मी आत गेले, तांब्या भरला, थोडं पाणी साडीवर सांडलं. तांब्या पुढं केला. सिदानं तो घेतला, मान मागं टाकली आणि घटाघटा सगळा रिकामा केला. मग पायरी चढून ओसरीवर टेकला आणि पटक्याच्या शेवानं मिशा पुसल्या. मी दाराला धरून रडायलाच लागले. माझा नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं कुणी गेलं. ‘अहो, पाणी प्यायले!’ यापलीकडं मला काही बोलता येईना. त्यानं काय समजायचं ते समजो. मी सिदाबरोबर तशीच निघाले.

सर अंगणात बाजेवर पडले होते. लिंबाची सावली होती. अंगावर सदरा, डोक्याला टोपी नाही; टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. फार वाळले होते. मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न, ‘सिदानं पाणी घेतलं?’

‘घेतलं, सर.’

‘मीच सांगितलं होतं त्याला. तिथं जाऊन आधी पाणी पी म्हणून. नाहीतर तुम्ही मला रडत रडत याल आणि माझं काही ऐकणार नाही.’ ते हसले. मग सिदाच्या बायकोला त्यांनी आत जायला सांगितलं. सिदा गोठ्याकडं गेला. ‘एक सांगावा द्यायचाय,’ सर म्हणाले. ‘न्याल?’

मी हो म्हटलं. सुरुवात त्यांच्या नेहमीच्या भाषेत झाली.

‘मी वर्गात सांगत आलो, मला निरोप कळला नाही. ते खरं नाही. सिदा पाणी नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं ते. मनात आलं, आता उठलो तर कमिटी निघून जाईल, विषय जाईल. हे एक. पण हे एवढंच असतं तर मी कमिटीला सांगितलं असतं. ती काही दगडाची माणसं नव्हती.’ ते थांबले. श्वास लागला होता. पुढचं बोलले ते निराळ्याच आवाजात. ‘सिदा पायरीखाली हुबा. धुळीनं भरल्याला. ह्यो माझा भाऊ, ही माझी आई गेली, आसं त्या मान्सांम्होरं म्हणायची मला लाज वाटली. लय लाज वाटली, पोरी. सवडीनं म्हणाला न्हवं त्यो? त्यो शब्द मी धरला. त्यो बिचारा रीतीनं बोलला, आन् मी त्या रीतीमागं लपलो.’

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ही भाषा पहिल्यांदा ऐकत होते, आणि ‘पोरी’ही पहिल्यांदा.

‘आन् मग वर्गात काय सांगितलं? इसरलो म्हणून सांगितलं. इसरलेल्याला लोक हळहळतात. कळून न उठणाऱ्याला कोण हळहळंल? खोटी लाज सांगितली आन् खरी झाकली. त्या खोट्या लाजेचं कौतुक झालं, ते घेतलं. दर साली घेतलं. सत्कार करायला निघाले, तवा मातूर सोसंना. आता तूबी ती गोष्ट सांगतीस म्हणं शाळंत.’

मी मान खाली घातली. रंगवून सांगायची मी ती गोष्ट. तांब्या कसा धरला ते हातवारे करून दाखवायची. आता या अंगणात मला त्या हातांचं काय करावं ते समजेना.

‘हा माझा सांगावा,’ सर म्हणाले. ‘म्हण बघू.’

मी डोळे पुसले. ‘सर, तुम्हाला कळलं होतं, पण विषयासाठी इतकी वर्षं झिजलेला माणूस—’

‘न्हाई. आसं म्या म्हटलं न्हाई.’

‘तुम्हाला कळलं होतं, पण त्या वेळी तुमचा नाइलाज—’

‘न्हाई.’ त्यांनी डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली, आणि वर्गातल्यासारखे ऐकत पडून राहिले. ‘‘पण’ न्हाई लावायचं. तुझं काय घालू नगंस त्यात.’

काहीतरी मऊ घालावं म्हणून माझा जीव तुटत होता. आणि ते मऊच त्यांना नको होतं. दूर गोठ्यात सिदा बैलापुढं कडबा टाकत होता.

मी म्हटलं, ‘सिदानं पाणी नको म्हटलं, तेव्हाच आई गेली हे तुम्हाला कळलं. हा माझा भाऊ असं म्हणायची तुम्हाला लाज वाटली. म्हणून तुम्ही उठला नाहीत. आणि कळलं नाही असं आम्हाला खोटं सांगितलंत.’

‘व्हय,’ सर म्हणाले.

नक्कल नव्हती ती. मग त्यांनी बाजेवरूनच हात हलवून मला ‘जा’ म्हणून खूण केली.

पुढच्या तासाला मी मुलींना सांगावा जसाच्या तसा सांगितला. गोष्ट संपल्यावर कुणी डोळे पुसले नाहीत. मुली बाकांकडं बघत बसल्या, एकीनं पायानं जमीन कोरली. घंटा झाली तरी कुणी उठेना. मला वाटलं, सरांना हवं होतं ते हेच असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिदा आला. शाळेतच आला, मधल्या सुट्टीत. आमच्या हेडमिस्ट्रेस बाई आणि दोन-तीन पालक मंडळी व्हरांड्यात उभी होती. सिदा पायऱ्यांखाली थांबला. मी शिपायाच्या माठातून तांब्या भरून आणला आणि खाली उतरले.

‘नगं, बाई,’ तो म्हणाला. ‘सवडीनं या.’

मी तांब्या पायरीवर ठेवला. वरून हेडमिस्ट्रेस बाईंनी विचारलं, ‘कोण हो हे?’

‘माझ्या सरांचे भाऊ,’ मी मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं, ‘सर गेले,’ आणि त्याच्याबरोबर चालू लागले.